ब्रेडोचा रिसाला, भाग ७ : लवण जमलं, पण घोडे कापावे लागले

मंडळी, ब्रेडोच्या घोडदळी हल्ल्याचा जो छोटा देखावा करतोय, त्यातलं लवण, म्हणजे जमिनीतला लांबट खोलगट भाग, जमलं! तीन आठवडे, फोमच्या चार शीट आणि घरच्यांचा संयम खर्ची पडला, पण जमलं. मागच्या भागात उलान (भालाईत घोडेस्वार) रंगवून झाल्याची फुशारकी मारून ‘आता फक्त जमीन राहिली’ असं लिहिलं होतं. त्या ‘फक्त’ला साष्टांग नमस्कार.

घोळ असा. १६ ऑगस्ट १८७०, फ्रान्स-प्रशिया युद्ध, फ्रान्समधलं मार्स-ला-तूर, दुपारी दोनचा सुमार. प्रशियन सेनापती आल्फेन्सलेबेनच्या कोअरला (मोठ्या सैन्यदलाला) फ्रेंच तोफा भाजून काढतायत, हाताशी पायदळ उरलेलं नाही, म्हणून घोडदळाचा जनरल ब्रेडो याला रिसाला घालायचा हुकूम येतो. सरळ मैदानातून गेला असता तर अर्ध्या वाटेतच संपला असता. तो गेला जमिनीतल्या एका लवणातून, वर दारूच्या धुराचा पडदा, आणि तोफांच्या अगदी जवळ बाहेर निघाला. म्हणजे लवण नाही तर हल्लाच नाही. ते चुकलं की उरतात नुसते शोभेचे घोडेस्वार.

आता १/७२ या मॉडेलच्या प्रमाणाचं गणित करा. एक किलोमीटर म्हटलं तरी जवळपास चौदा मीटर होतात, माझा पाट, म्हणजे देखाव्याची फळी, आहे सव्वा मीटरचा. जमीन चेपायची हे ठरलेलंच होतं. पण घोड्यासकट स्वार साडेतीन सेंटीमीटर उंच. तो झाकायचा तर लवण तेवढंच खोल हवं, आणि इतक्या कमी लांबीत तेवढं खोल नेलं की दिसतो थेट वरंधा घाट. पहिली शीट त्यात गेली. दुसऱ्या वेळी उतार सौम्य केला, तर उलानांचे भाले काळी-पांढरी निशाणं फडकवत वर. लपलेला रिसाला आणि वर ध्वजवंदन! तिसरी शीट हॉट वायरच्या तारेनं खाल्ली. (स्वस्तातली तार घेऊ नका. तापते एकीकडे, कापते भलतीकडे.)

उपाय सुचला तो चहा पिताना, पाट टेबलावरून उचलून कपाटावर ठेवला तेव्हा. डोळा जमिनीच्या पातळीला आला आणि लक्षात आलं, लवणातल्या मागच्या रांगेचं दिसतंय काय? शिरस्त्राणं आणि खांदे. मग खाली घोडे हवेतच कशाला? सोळा स्वार कमरेत कापले आणि फोममध्ये रोवले. लवण आता जेमतेम दीड सेंटीमीटर खोल आहे आणि खरं वाटतं. उलानांचे भाले गरम पाण्यात धरून आडवे केले. पुढचे चोवीस अख्खे, काठावरून वर येणारे: डावीकडे सातव्या रेजिमेंटचे क्युरासियर (चिलखती घोडेस्वार), उजवीकडे किंचित मागे सोळाव्या रेजिमेंटचे उलान. पहिला घोडा काठावर चिकटवला तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

क्युरासियरांचा लिंबू-पिवळा मात्र अजून छळतोय. पांढऱ्या कोटावर थेट लावला की हिरवट मारतो. खाली फिकट बदामी हात दिला तर बरा बसतो. सॉफ्ट प्लास्टिकवर प्रायमर धरत नाही ही ओरड जुनीच. आधी साबणानं धुवा, मग पातळ फेविकॉलचा हात द्या. महागड्या स्प्रेपेक्षा हे परवडतं, शिवाय पावसाळ्यात दगा देत नाही.

ब्रेडो स्वतः तिसऱ्यांदा रंगवला. पहिले दोन तिशीतले तरणेबांड झाले होते. गडी १८१४ चा, ब्रांडेनबुर्गच्या जुन्या सरदार घराण्यातला, म्हणजे त्या दिवशी छप्पन्न वर्षांचा. मिशा करड्या केल्या, पँटवर जनरलचे लाल पट्टे ओढले. १८८९ मध्ये सिलेशियाच्या चौथ्या ड्रॅगून (घोडदळाचाच एक प्रकार) रेजिमेंटला त्याचं नाव मिळालं आणि पुढच्याच वर्षी तो गेला. या एका दौडीच्या जिवावर पुढे चाळीसेक वर्षं घोडदळवाले ‘आमचे दिवस संपलेले नाहीत’ म्हणत राहिले. मला ते पटत नाही. धूर आणि लवण काढून घ्या, मग बोला.

तेराव्या ड्रॅगूनचा बॉक्स मात्र वाया गेला. रेजिमेंट ब्रेडोच्याच ब्रिगेडची, पण आधीच दुसरीकडे पाठवलेली. हे मागवण्याआधी वाचायला हवं होतं.

थांबा, लिहिता लिहिता एक सुचलं. कापलेले सोळा घोडे डब्यात पडून आहेत. आठशेच्या आसपास स्वार गेले, त्यातले तीनशे ऐंशीच्या घरात मेले, जखमी झाले किंवा परतलेच नाहीत. मग पाटाची मागची बाजू परतीची का नको? तोफा ओलांडून पुढे गेलेला, फोर्तोंच्या फ्रेंच घोडदळानं झोडपलेला, विस्कटून वियोंविलकडे परतणारा रिसाला. माझ्या चाळीसांच्या हिशेबात परतायचे एकवीस. डब्यातले घोडे तिथे आडवे पडतील, पाय गरम पाण्यात वळवता येतील. धुराचा कापूस तोवर बाजूला, तसाही या हवेत तो ओला होऊन बसतोय. फ्रेंच तोफा आधी करणार होतो, त्या आता भाग नऊमध्ये.

परतीच्या घोड्यांवर घाम आणि फेस कसा दाखवावा? ग्लॉस वार्निश की पातळ पांढरा वॉश? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा, रविवारी पहिला घोडा घेतोय.