कंबरेची शस्त्रक्रिया टळली तेव्हा
गावच्या व्यायामशाळेत ८० किलोचा डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलण्याचा व्यायाम) मारताना कंबरेत उठलेली कळ थेट डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरली. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील चकती नसेवर दाबत असल्याचे दिसले आणि ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत मला शस्त्रक्रिया सुचवण्यात आली.

नागपूरच्या कायरोप्रॅक्टरांनी, म्हणजे मणके आणि सांध्यांवर हातांनी उपचार करणाऱ्यांनी, मात्र हात लावण्याआधी अंगठा वर ओढण्याची ताकद तपासली आणि लघवीवर ताबा आहे ना, हे विचारले. कारण पाय लुळा पडत असेल किंवा तो ताबा सुटत असेल, तर शस्त्रक्रिया मुळीच लांबवू नये. १८९५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही पद्धत चकती ‘जागेवर बसवते’, हा समज मला चुकीचा वाटतो. तिने माझी वेदना आणि आखडलेपण कमी झाले, एवढेच. चकतीचा बाहेर आलेला भाग पुष्कळदा शरीरच हळूहळू शोषून घेते.

खरा आधार रोजच्या व्यायामाचा होता. पहाटे ओसरीवर चटई टाकून मी पालथा झोपत असे, कोपरांवर छाती उचलत असे आणि कळ पोटरीतून वर सरकते का, याकडे लक्ष देत असे. सातव्या आठवड्यात ती मांडीच्या वर थांबली. बाराव्या आठवड्यात मी २० किलोचा रिकामा बार उचलला.