रॅम दुप्पट केली, मग डेटाबेस आधीपेक्षा संथ का?

सर्व्हर बंद केला, ६४ जीबीची रॅम १२८ केली, पुन्हा चालू केला आणि पहिल्याच तासात तक्रारी सुरू. झटक्यात येणारे रिपोर्ट आता लटकतायत. रॅमला बोल लावण्याआधी थांबा, हा बहुधा रीस्टार्टचा परिणाम असतो.

मायएसक्यूएल या डेटाबेसचा बफर पूल, म्हणजे डिस्कवरचा डेटा रॅममध्ये धरून ठेवणारी जागा, रीस्टार्टला रिकामा होतो. इनोडीबीचं (मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) एक पेज, म्हणजे डेटाचा एक तुकडा, १६ केबीचं. ९६ जीबीच्या पूलमध्ये अशी जवळपास ६३ लाख पेजेस मावतात आणि ती डिस्कवरूनच यायची असतात. एकेक पेज आणायचं धरलं, तर सेकंदाला १०,००० रीड देणाऱ्या एसएसडीला साडेदहा मिनिटं लागतील. २०० रीडवाल्या फिरत्या डिस्कला पावणेनऊ तास! तेव्हा पहिल्या तासावरून निकाल देऊ नये. हिट रेशोही, म्हणजे किती वेळा डेटा पूलमध्येच सापडला त्याचं प्रमाण, फसवा, कारण तो सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी सांगतो. त्यापेक्षा बफर पूल रीड्सचा काउंटर (डिस्कवरून करावे लागलेले रीड मोजणारा) एकेका मिनिटाच्या अंतराने काही वेळा बघा. फरक दर वेळी घटत असेल तर पूल तापतोय, म्हणजे भरत चाललाय.

हे टाळता येतं. मायएसक्यूएल ५.७ पासून बंद होताना पूलमधल्या पेजेसची यादी फाइलमध्ये लिहितं आणि सुरू होताना ती पेजेस परत आणतं. मेख अशी, की डीफॉल्टने यादीत फक्त २५ टक्केच पेजेस जातात, अलीकडे वापरलेली. बंद करण्याआधी डंप पर्सेंटेज, म्हणजे हे प्रमाण ठरवणारं सेटिंग, १०० करा. यादीत डेटा नसतो, नुसते क्रमांक असतात, त्यामुळे फाइल लहानच राहते. मात्र सर्व्हिस नीट बंद व्हायला हवी. प्रोसेस किल केली तर नवी यादी लिहिलीच जात नाही, जुनी उचलली जाते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हेच काम पीजी प्रीवॉर्म हे एक्स्टेंशन करतं. ते आपोआप करण्याची सोय ११ व्या आवृत्तीपासून आहे.

दुसरी, अगदी नेहमीची चूक म्हणजे कॉन्फिग फाइल तशीच राहते. बफर पूल असो की पोस्टग्रेसमधले तसेच शेअर्ड बफर्स, डीफॉल्ट १२८ एमबी, आणि रॅम वाढली म्हणून तो आकडा आपणहून हलत नाही. पोस्टग्रेसला हा बदल रीस्टार्टशिवाय लागू होत नाही, म्हणून रॅम टाकायच्या आधीच आकडा बदलून ठेवा. सगळीच्या सगळी रॅम पूलला देऊ नका. प्रत्येक कनेक्शनचे सॉर्ट आणि जॉइन बफर वेगळे असतात, त्यांनाही रॅम लागते. एकदा स्वॅप, म्हणजे रॅममधला डेटा डिस्कवर हलवणं, सुरू झालं की वाढवलेल्या रॅमचा फायदा तिथेच संपतो.

दोन दिवसांनीही संथच असेल तर हार्डवेअरकडे वळा. वेगवेगळ्या स्पीडच्या स्टिक एकत्र लावल्या की सगळ्या सर्वांत हळू स्टिकच्या वेगाने चालतात. डीएमआयडीकोड या लिनक्स कमांडमध्ये स्टिकचा मूळ स्पीड आणि प्रत्यक्ष चालू असलेला स्पीड, दोन्ही दिसतात. दोन सॉकेटचा (म्हणजे दोन प्रोसेसरचा) सर्व्हर असेल तर न्यूमासीटीएल या कमांडचं हार्डवेअर आउटपुट पाहा. त्यात नोड म्हणजे एकेक प्रोसेसर आणि त्याच्या बाजूची रॅम. नोड ० वर ९६ जीबी आणि नोड १ वर ३२ असं दिसलं, तर नव्या स्टिक एकाच प्रोसेसरच्या बाजूला गेल्यात. समान वाटून लावा. आणि हाही रीस्टार्टच, तेव्हा डंप पर्सेंटेज अजून १०० आहे ना, ते बघूनच बंद करा.