तुम्ही विचारलंत म्हणून: मी डाळ का मोजते

"वरणभातावर पिढ्या वाढल्या, तू प्रोटीन कसलं मोजतेस?" सोसायटीत, लग्नात, परवा तर मंडईत डाळ घेतानाही हेच. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

वरणभाताला मी नावं ठेवत नाही. प्रोटीन अमिनो आम्लांचं बनतं. त्यांतलं लायसिन तांदळात कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो. शरीराला स्वतः बनवता न येणारी नऊ अमिनो आम्लं ताटातूनच यावी लागतात, आणि ही जोडी ती आणते. माझं भांडण वरणातल्या पाण्याशी आहे.

आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून घरी आणलं. "हलकं द्या," सगळेच म्हणाले. मी दिलं. पातळ वरण, मऊ भात, वर तूप-लिंबू. चार घास खाऊन ती ताट सरकवायची. दीड महिन्यानं व्यायाम घेणाऱ्या ताईंनी तिच्या मांड्यांना टेप लावली. न मोडलेल्या पायाचीही मांडी उतरली होती. "अगं, हे पाय माझे वाटतच नाहीत," आई म्हणाली.

"दिवसाला डाळ किती घालता?" ताईंनी विचारलं. मी डब्यातून काढून दाखवली. दोन्ही वेळची मिळून तीसेक ग्रॅम. त्यात प्रोटीन सहा-सात ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा आकडा वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन, तोही धडधाकट माणसाला. आई ४८ किलोची, म्हणजे चाळीस. भात, कपभर दूध धरूनही निम्म्यावरच अडकलो होतो. चरबीसारखा प्रोटीनचा वेगळा साठा शरीरात नसतो. जखम भरायला कमी पडलं की ते स्नायूंतून काढलं जातं. त्यात एकूण खाणंच कमी, म्हणजे आलेल्यातलंही काही जळणाला जाऊन त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे बाहेर.

तेव्हाची मी म्हणते, तिला पचलं नसतं. खोटं. मुगाचं घट्ट वरण, पनीर, दाण्याचं कूट नंतर पचलंच की. अंडंही पचलं, ते या घरात आणायला मात्र मला तीन महिने लागले. (किडनीचा त्रास असेल तर हिशेब वेगळा, तो डॉक्टरांनाच विचारा.)

तेव्हाची मी असंही म्हणते, ७९ वय, अंथरुणावर पडलं की स्नायू जातातच. हेही खरंच आहे. वयानं किती नेलं आणि माझ्या वरणानं किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

आई वॉकर धरून गॅलरीपर्यंत जाते. जिना उतरत नाही. तळ्यातल्या गणपतीला ती त्यानंतर गेलेली नाही.