तीन इंचांसाठी सात आठवडे

ट्रेलर उंच करून घ्यायला दुकानात सोडण्याआधी एकदा स्वतः त्याच्याखाली आडवे व्हा आणि एक्सलच्या नळीचा घेर मोजा. शिवणाची टेप पुरते. घेर साडेनऊ इंचांच्या किंचित आत भरला तर नळी तीन इंची. साडेसातच्या आसपास भरला तर २-३/८ इंची. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते सातव्या आठवड्यात केलं, म्हणून आधी तेच सांगतोय.

आता पहिल्यापासून. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहतो. गेल्या ऑक्टोबरात जुना टू-व्हील-ड्राइव्ह पिकअप विकून त्याहून उंच फोर-बाय-फोर घेतला. मागं ओढायचा फिफ्थ व्हील ट्रेलर मात्र जुनाच, ३१ फुटी, दोन एक्सलचा. हा प्रकार बंपरच्या गोळ्याला अडकवत नाहीत. ट्रेलरचं पुढचं अंग पिकअपच्या हौद्यावर येतं आणि त्याखालची किंगपिन, म्हणजे जाड खुंटी, हौद्यातल्या हिचमध्ये, म्हणजे जोडणीत, बसते. त्यामुळे हौदा उंच झाला की ट्रेलरचं नाकही वर जातं. हे पिकअप घेताना लक्षात यायला हवं होतं. रंग ठरवण्यात आम्ही दोन शनिवार घालवले, उंचीचा विषयसुद्धा निघाला नाही.

अण्णा तेव्हा नुकतेच कोल्हापूरहून आले होते. स्टोरेजच्या आवारात पहिल्यांदा जोडून गाडी उभी केली, तर वीसेक पावलं लांब जाऊन ते म्हणाले, "नाक लई वर हाय हिचं. उलाळ झाल्यागत दिसतीया." बैलगाडीत मागं माल जास्त पडला की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्यातल्या सापत्या आवळतात, ती उलाळ गाडी. मी म्हटलं, "अण्णा, इथं बैल डिझेलचा आहे, त्याला काही होत नाही." पण परतताना आय-१० हायवेवरून उतरल्यावर टायरांवर तापमापक धरला. पुढच्या एक्सलचे टायर १०५ फॅरनहाइट, मागचे १२५. हवा चारींत सारखी, ८० पीएसआय. ट्रेलर मागं कलला की मागचा एक्सल जास्त ओझं घेतो. दोन एक्सलमधला इक्वलायझर ते काही हद्दीपर्यंत वाटून देतो, पुढं नाही. माझ्या एसटी२३५/८०आर१६ टायरांची वजन पेलायची क्षमता प्रत्येकी ३,५२० पौंड. त्यातलं किती संपलं होतं ते बघायला कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, जायची हिंमत मी त्या आठवड्यात केली नाही.

मोजमाप सपाट काँक्रीटवरच करा, खडीवर करू नका. ट्रेलर सोडून पुढचे पाय वरखाली करत आत जमिनीवर पाणसळ ठेवून तो सपाट केला. किंगपिनच्या पाटीची उंची आली साडेचव्वेचाळीस इंच. पिकअपमधल्या हिचची पाटी रिकाम्या गाडीला पन्नास, पण ट्रेलर चढल्यावर मागचं अंग अडीच इंच दबतं, म्हणजे साडेसत्तेचाळीस. फरक तीन इंच. रिकाम्या गाडीवर मोजून साडेपाच इंचांचं काम काढणारे लोक मला नंतर भेटले.

हिच आधीच सगळ्यात खालच्या भोकात होता. आणखी खाली घ्यायची सोय असती तरी उपयोग नव्हता, कारण हौद्याचा कठडा आणि ट्रेलरचं पोट यांच्यात जेमतेम सहा इंच उरत होते. त्याहून कमी झाले की पेट्रोल पंपाच्या उतारावर ट्रेलर कठड्यावर टेकतो आणि पत्रा दुमडतो. म्हणजे ट्रेलरच उचलायला हवा.

खाली वाकून पाहिलं तर कमानपाटे एक्सलच्या खालून गेलेले. हे आमचं नशीब. पाटे खालून काढून एक्सलच्या वर बसवले की नळीची जाडी अधिक पाट्यांच्या थराची जाडी, म्हणजे पाच इंचांच्या थोडं वर उंची मिळते. ज्यांचे पाटे आधीच वर आहेत त्यांना फ्रेमखाली चौकोनी पाइप वेल्ड करून घ्यावा लागतो. इथले लोक याला 'एक्सल फ्लिप' म्हणतात, पण एक्सल उलटा करायचा नसतो! नळीला मधोमध वरच्या बाजूला हलकी कमान असते. उलटी केलीत तर चाकं फाकतील आणि टायर कडेनं खाऊन जातील. एक्सल आहे तसाच राहतो, फक्त त्याच्या माथ्यावर पाटे टेकायला नव्या बैठका वेल्ड करतात. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या आमच्या कमानपाटेवाल्यानं हे अर्ध्या दिवसात करून वर उसाच्या दोन ट्रॉल्यांचे पाटेही बदलले असते.

मी मात्र गेलो ट्रेलरच्या मोठ्या दुकानात. काचेचं दार, कॉफी मशीन, आणि आपलं काम कुठपर्यंत आलं ते मोबाइलवर दाखवणारं अॅप. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी ट्रेलर सोडला. तपासणीचे एका तासाचे पैसे आधी भरले. काउंटरवरच्या बाईंनी एक फॉर्म पुढं केला: फ्रेम आणि एक्सलमध्ये बदल करण्यास माझी संमती आहे वगैरे. त्यात एक रकाना होता, एक्सलचा अनुक्रमांक. मी विचारलं, हा कुठं मिळतो? "ते सोडा, आमचा मेकॅनिक भरेल."

तो रकाना कोणी भरला नाही. दोन आठवडे अॅपवर 'तपासणी सुरू'. मग 'कागदपत्रं अपूर्ण'. फोन केला तर बाई म्हणाल्या, अनुक्रमांक नाही. मी म्हटलं, तो मेकॅनिक भरणार होता ना? त्या म्हणाल्या, मेकॅनिककडे काम जायला कागदपत्रं पूर्ण लागतात. मी गाडी बाजूला घेऊन हे वाक्य मनात दोनदा फिरवून पाहिलं. मग म्हटलं, कोणी तरी खाली वाकून बघा. त्यांनी "नोंद घेते" म्हटलं.

चौथ्या आठवड्यात पार्ट आले. तीन इंची नळीवर बसवायला २-३/८ च्या बैठका! संगणकातल्या यादीत सगळ्यात वर ३,५०० पौंडी एक्सल होता, कुणी तरी तोच टिचकी मारून निवडला होता. ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढं सरकारी नियमाची पट्टी असते, तिच्यावर प्रत्येक एक्सल किती वजनाचा ते छापलेलं असतं. आमच्या पट्टीवर ६,००० पौंड. काउंटरपासून ती पट्टी चाळीस पावलांवर उभी होती. मी तिचा फोटो काढून पाठवला. पार्ट परत गेले. सहाव्या आठवड्यात पुन्हा आले. या वेळी बैठका बरोबर, पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र जुन्याच यादीतले, बारक्या नळीचे. मी विचारलं, ट्रेलरवरचे जुनेच यू-बोल्ट वापरले तर? तेव्हा प्रथमच मागून मेकॅनिक बाहेर आला आणि मान हलवत म्हणाला, एकदा आवळलेला यू-बोल्ट परत वापरायचा नसतो. हे तो खरं बोलला. सात आठवड्यांत त्या दुकानातून मला मिळालेली कामाची गोष्ट ही एवढीच.

अण्णांचं परतीचं तिकीट मार्चअखेरचं होतं आणि त्यांना घेऊन गार्नर स्टेट पार्कला जायचं ठरलं होतं. सातव्या शनिवारी बायकोची शिवणाची टेप, ओलं फडकं आणि जुना टूथब्रश घेऊन दुकानाच्या आवारात गेलो आणि ट्रेलरखाली सरपटलो. नळीच्या मधोमध चिखलाचा पापुद्रा होता. घासल्यावर खाली कागदी लेबल निघालं, एक कोपरा फाटलेला, पण अनुक्रमांक स्वच्छ. टेप गुंडाळली: साडेनऊला अर्धं सूत कमी. भागिले ३.१४, तीन इंच. पाठीला खडी टोचत होती आणि मी एकटाच हसत होतो. त्याच दुपारी ट्रेलर जोडून बाहेर काढला. तपासणीचे पैसे परत मागितले नाहीत, त्यासाठी आणखी एक फॉर्म होता.

काम केलं ते गावाबाहेरच्या एका वेल्डरनं. मेक्सिकन आजोबा, पाटी नाही, कॉफी मशीन नाही. मी माप सांगितलं तरी ते स्वतः कॅलिपर घेऊन खाली गेले, तेव्हाच मी निर्धास्त झालो. दोन दिवसांत संपलं. जॅक त्यांनी फ्रेमला लावला, एक्सलच्या नळीला कधीच लावू नका, ती वाकते. वेल्डिंगआधी ट्रेलरची बॅटरी सोडली, पिकअपची वायर काढली. अर्थचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावला, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि ती आतून डागाळतात. ब्रेकच्या वायरी मात्र आता पाच इंच ताणल्या जातात, त्या ढिल्या आहेत का ते मी विचारायला विसरलो. त्यांनी आपणहून लांब केल्या होत्या.

पाच इंच मिळाले, हवे होते तीन. म्हणून हिच दोन इंच वर घेतला. ट्रेलर सपाट, आणि कठड्याशी फट सहावरून आठ. टायर आता चारही पाच अंशांच्या आतबाहेर.

छतावरच्या एसीच्या टोकापर्यंतची उंची १२ फूट ४ वरून १२ फूट ९ झाली. टेक्सासात मर्यादा १४ फूट, पूर्वेकडच्या बऱ्याच राज्यांत साडेतेरा, तेव्हा कायद्याची अडचण नाही, फांद्यांची आहे. नवा आकडा मास्किंग टेपवर लिहून डोळ्यासमोरच्या सनशेडला चिकटवलाय, कारण पंपाच्या छताखाली शिरताना जुनाच आठवतो. चाकांचे नट १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा आवळायचे. यू-बोल्टही पहिल्या प्रवासानंतर बघायचे. माझ्या ट्रेलरचे दोन बोल्ट पाव-पाव वळसा फिरले. गार्नरच्या वाटेवर प्रत्येक थांब्याला मी टॉर्क रेंच काढला की अण्णा टॉर्च धरून उभे, दिवसाउजेडीसुद्धा.

आणि पायरी. ट्रेलर पाच इंच वर म्हणजे दाराची पहिली पायरीही पाच इंच वर, हे कुठल्याच दुकानानं सांगितलं नाही, मलाही सुचलं नाही. अण्णांचा गुडघा पहिल्याच संध्याकाळी बोलला. गार्नरमध्ये दोन दिवस लेव्हलिंगच्या लाकडी ठोकळ्यांवर पाय ठेवून ते चढले. घरी आल्यावर मी दोन फळ्यांचा जाड पाट ठोकला, खाली रबर लावून. तो आता दाराच्या आतच ठेवतो. बाहेर ठेवला तर निघताना राहून जातो.