दोन वाजताचा खो

तुर्भे एमआयडीसीतल्या आमच्या गोदामात दुपारी दोनला शिफ्ट बदलते. पहिल्या शिफ्टची नऊ माणसं कामाला चोख, दुसरीची नऊही तितकीच चोख. तरीही गाडी अडायची ती बहुतेक वेळा या बदलाच्या पंधरा-वीस मिनिटांतच. एखादं चलन जुन्या नंबरचं निघायचं, एखादी पेटी दोघांनीही मोजलेली नसायची. टीम चांगली करायची म्हणजे माणसांना अजून शिकवायचं, असं धरून चालल्यामुळे बराच वेळ गेला. दुखणं दोन शिफ्टच्या सांध्यात होतं आणि सांध्याचं शास्त्र खो-खोत आहे.

खो-खोत आक्रमकाला, म्हणजे पाठलाग करणाऱ्याला, मध्यपाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत उलट फिरता येत नाही. पळणारा मात्र पाटीवर बसलेल्या आठ जणांच्या मधून नागमोडी निसटतो. तो पलीकडे गेला की आक्रमकाकडे एकच उपाय उरतो: त्या बाजूला तोंड करून बसलेल्या गड्याला पाठीमागून खो देणं. बोलताना आपण टोलवाटोलवीला सर्रास ‘खो-खो’ म्हणतो, ते मला खटकतं. खो म्हणजे ‘ही रेष मला ओलांडता येत नाही, तुला येते, ऊठ’ असं योग्य क्षणी सांगणं.

म्हणून आधी रेषा शोधल्या. दोन आठवडे डॉकवर, म्हणजे गाडीत माल चढवायच्या धक्क्यावर, एक वही ठेवली. अडलेल्या प्रत्येक ऑर्डरची एक ओळ: कुठे थांबली, पुढे कोणाच्या हातात जायला हवी होती, त्याला ते किती वाजता कळलं. ‘चूक कोणाची’ असा रकाना मुद्दाम ठेवला नाही. तो ठेवला असता तर वही कोरी राहिली असती. पंधरा दिवसांत रेषा आपोआप दिसल्या. माल शॉर्ट आहे हे चेकरला दिसतं, पण बिलातला आकडा त्याला बदलता येत नाही. ट्रान्सपोर्टरने गाडी बदलली हे लोडरला पहिल्यांदा कळतं, पण ई-वे बिलाच्या (माल वाहतुकीसाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाच्या) पार्ट बीमध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलाच्या भागात, नवा नंबर बिलिंगवालाच चढवतो. तो चढवला नाही तर गाडी वाटेत तपासणीत अडकते. अशा पाच जागा निघाल्या. त्या पाचांवरच काम केलं, बाकीच्यांना हात लावला नाही.

खो देताना हाताचा स्पर्श आणि ‘खो’ हा शब्द एकाच वेळी व्हावा लागतो. नुसतं थोपटलं तर फाउल, नुसतं ओरडलं तरी फाउल. आम्ही हे तसंच उचललं. अर्धवट कामाच्या प्रत्येक ट्रॉलीला पोस्टकार्डाएवढं पिवळं कार्ड दोऱ्याने बांधायचं. त्यावर चारच गोष्टी: ऑर्डर नंबर, किती पेट्या भरल्या, काय बाकी, कोणाला शब्द दिलाय. मग ट्रॉलीच्या दांड्यावर दोघांचेही हात असताना तोंडाने सांगायचं, ‘दादा, तीन नंबरला दोन पेट्या शॉर्ट, बिलिंगला सांगितलंय, अजून उत्तर नाही.’ घेणारा तेच परत म्हणून दाखवतो. त्यानंतरच पहिला दांडा सोडतो. एका ट्रॉलीला अर्धा मिनिट लागतो. यासाठी दुसरी शिफ्ट १:५० ला आत घेतली आणि त्या दहा मिनिटांचे पैसे धरले. ते धरले नाहीत तर आठवडाभरात माणसं पुन्हा दोनच्या ठोक्यालाच येतात, आणि त्यांचं चुकत नाही.

नेहमीची चूक म्हणजे लवकर खो. हात लागण्याआधीच गडी उठला की पंचांची शिट्टी वाजते, आक्रमकाला उलट दिशेला जावं लागतं आणि पळणाऱ्याला मोकळं रान मिळतं. गोदामात हे उत्साही माणसाकडूनच घडतं. व्हॉट्सअॅपवर ‘ऑर्डर येतेय’ एवढं दिसलं की तो पिकिंग, म्हणजे रॅकवरून माल काढणं, सुरू करतो, नंतर छापील यादी येते, दुसरा तीच ऑर्डर पुन्हा उचलतो आणि रॅकचा साठा चुकतो. नियम असा केला की हातात यादी आल्याशिवाय उठायचं नाही. मोडला तर ओरडा नाही. माल रॅकवर परत ठेवायचा आणि यादीपासून सुरुवात करायची. माघारी जाण्यात जो वेळ जातो, तेवढा धडा पुरतो.

आणखी एक गोष्ट बघणाऱ्याच्या नजरेतून सुटते. खो देणारा मोकळा होत नाही, उठलेल्याची जागा घेऊन तो पाटीवर बसतो. म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक पाटीवर बसता आलं पाहिजे. आम्ही भिंतीवर तक्ता लावला, उभी नऊ नावं, आडवी सहा कामं. येत नसेल तर ०, कोणी सोबत असताना येत असेल तर १, एकट्याने येत असेल तर २. प्रत्येक कामाखाली किमान तीन ‘२’ हवेत. फोर्कलिफ्टच्या रकान्यात मात्र लायसन्स आणि प्रशिक्षण असल्याशिवाय आकडा चढत नाही. पहिल्यांदा तक्ता भरला तेव्हा बिलिंगखाली एकच ‘२’ होता, तो एका मुलीचा. ती मुलगी रजेवर गेली की डॉक का तुंबतो, याचं उत्तर भिंतीवर लिहिलेलं होतं. मग रोज मंदीच्या तासात, साधारण अकरा ते बारा, एकाला तिच्या शेजारी बसवलं. तक्ता दर शनिवारी बदलतो आणि आकडा शिकवणारा चढवतो, सुपरवायझर नाही.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगमध्ये ‘वजीर’ आला, दोन्ही दिशांना पळू शकणारा आक्रमक. आम्हीही शिफ्टला एक वजीर ठेवला. त्याला ठरलेली पाटी नाही, अडेल तिथे जायचं. सगळ्यात हुशार माणसाला कायमचा वजीर केलं तर मात्र बाकीचे त्याचीच वाट बघत बसतात, म्हणून पाळी आठवड्याने फिरते.

पावसाळ्यात हे सगळं कसाला लागतं. ठाणे-वाशी मार्गावर लोकल रखडल्या की ऐरोली, घणसोलीहून येणारे एकदम उशिरा पोचतात. समोर गडीच नसेल तर खो द्यायचा कोणाला? अशा दिवशी १:५० ला हजेरी मोजायची. सहापेक्षा कमी आले असतील तर नवी ऑर्डर उघडायची नाही, फक्त पिवळ्या कार्डांच्या ट्रॉल्या संपवायच्या. पहिल्या शिफ्टमधले कोण थांबणार, त्यांचा क्रम सकाळीच फळ्यावर लिहून ठेवायचा आणि थांबलेल्या वेळाचा ओव्हरटाइम त्याच दिवशी रजिस्टरमध्ये चढवायचा.