इळा नेमका कुठे असतो?

गडचिरोली जिल्ह्यातील ज्या गावात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, तेथे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे नाव कोणाला समजावून सांगावे लागत नाही. 'एएस' म्हणजे वाहक आणि 'एसएस' म्हणजे रुग्ण, हे अनेक मुलांना पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असते. तरीही एक चुकीची समजूत माझ्याकडून वर्षानुवर्षे दुरुस्त होत नव्हती. विळ्यासारख्या, म्हणजे मुलांच्या बोलीत इळ्यासारख्या, वाकलेल्या तांबड्या पेशीचे चित्र पाहून मुले असे धरून चालतात की हिमोग्लोबिनचा रेणूच तसा वाकतो. हिमोग्लोबिनच्या चार साखळ्या म्हणून फळ्यावर मी काढलेल्या चार गोळ्यांनी ही समजूत उलट पक्कीच होत असे.

यंदा धानाची रोवणी आटोपून मुले वर्गात परतल्यावर मी लॅपटॉपवर कायमेराएक्स उघडले. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेले, रेणू त्रिमितीत दाखवणारे हे सॉफ्टवेअर शिकण्या-शिकवण्यासाठी मोफत मिळते. रेणूंच्या फाइली प्रोटीन डेटा बँकेतून घ्यायच्या. 1971 मध्ये अवघ्या 7 रचनांवर सुरू झालेल्या या भांडारात आज 2 लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्या कोणालाही खुल्या आहेत. गावात नेटचा भरवसा नसल्यामुळे मी फाइली तालुक्याहून पेन ड्राइव्हवर आणल्या. मोबाईलवर काढलेल्या एखाद्या फोटोपेक्षाही त्या लहान असतात, कारण आत असतो तो निव्वळ मजकूर: प्रत्येक ओळीत एक अणू, तो कोणत्या अमिनो आम्लातला, म्हणजे साखळीच्या कोणत्या कडीतला आहे याची नोंद आणि त्याचे तीन निर्देशांक. ते अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे सेंटिमीटरच्या 10 कोटीव्या भागात मोजलेले असतात. या आकड्यांवरून पडद्यावर रेणू उभा राहतो. त्याचे रंग आणि साखळ्या दाखवणाऱ्या फिती मात्र आपल्या सोयीसाठी असतात, हे मुलांना आधीच सांगावे. नाहीतर ऑक्सिजन खरोखरच लाल असतो असे त्यांना वाटते.

आधी 2एचएचबी ही निरोगी हिमोग्लोबिनची रचना उघडली, मग 1997 मध्ये प्रसिद्ध झालेली सिकल हिमोग्लोबिनची 2एचबीएस. तिच्यातला एक रेणू पहिल्या रचनेवर बसवला, तेव्हा दोन्हींच्या फिती जवळजवळ तंतोतंत जुळल्या. वर्ग क्षणभर गप्प झाला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग इळा कुठं आहे?"

त्याचे उत्तर दुसऱ्या रचनेतच होते, कारण तिच्यात एकमेकांना खेटलेले दोन रेणू आहेत. बीटा साखळीतल्या 146 अमिनो आम्लांपैकी सहावे मी ठळक केले. निरोगी रेणूत तेथे ऋणभारित ग्लुटामिक आम्ल असते. येथे पाण्यापासून दूर राहू पाहणारे व्हॅलिन आहे. रेणू सावकाश फिरवत नेला, तसे हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरील 85वे फेनिलअॅलनिन आणि 88वे ल्युसिन या अमिनो आम्लांमधल्या खोबणीत बसलेले दिसले. दोष रेणूच्या आकारात नसून त्याच्या चिकटण्यात आहे. ऑक्सिजन सोडल्यावर असे रेणू एकाला एक जोडले जाऊन लांब, ताठ तंतू बनतात आणि ते तंतू पेशीला वाकवतात. आजवर हे मी तोंडाने शंभरदा सांगितले असेल, पण माउसने रेणू स्वतः फिरवून पाहणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते माझ्या बोलण्याने कधीच उमटले नव्हते.

ती मुलगी स्वतः वाहक आहे. ऑक्सिजन मिळाल्यावर हे रेणू सुटे का होतात, असे तिने विचारले. ऑक्सिजन धरताना रेणूची घडण बदलते आणि मग व्हॅलिन त्या खोबणीत नीट बसू शकत नाही, असे मी सांगितले; पण तिला ते पाहायचे होते. म्हणून ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनची 1एचएचओ ही फाइल उघडली. तिने साखळ्या मोजल्या आणि म्हणाली, "सर, यात तर दोनच आहेत." ज्या स्फटिकावरून ही रचना मोजली त्यातल्या सममितीमुळे या फाइलमध्ये अर्धाच रेणू नोंदवलेला आहे आणि उरलेला अर्धा सॉफ्टवेअरकडून उभा करून घ्यावा लागतो, हे सांगेपर्यंत तास संपला. तो अर्धा भाग उद्या तीच उभा करणार आहे. त्यासाठीची आज्ञा तिने वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतली आहे.