खंदक शोधायला गेलेले दोन नागपूरकर

कोलकात्यातले काही रस्ते सकाळी एका दिशेने वाहतात आणि दुपारी उलटे. हे आधी माहीत असतं तर पहिला दिवस जरा बरा गेला असता. सकाळी ज्या रस्त्याने बसने दक्षिणेकडे आलो, त्याच रस्त्यावर जेवण झाल्यावर आणखी पुढे जायला म्हणून आम्ही उत्तरेकडे माना करून उभे. बसेस मात्र पाठीमागून येत होत्या आणि नाकासमोरून निघून जात होत्या. वीस मिनिटांनी एका पानवाल्याला आमची दया आली. "दुपारनंतर उलटा," एवढंच तो हिंदीत म्हणाला.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर कालव्यांची मोजणी केली. "दुपारी उलटा वाहणारा कालवा आजच पाहून राहिलो बापा," असं म्हणून त्यांनी खिशातला नकाशा घडी करून ठेवून दिला. सव्वीस वर्षांच्या संसारात प्रवासात नकाशा खिशात गेलेला मी पहिल्यांदा पाहिला.

जानेवारी संपत आला होता. श्यामबाजारजवळच्या एका जुन्या घरात वरची खोली घेतली होती. हिरव्या झडपांच्या खिडक्या, उंच पलंग, त्यावर मच्छरदाणी. घराच्या मालकीणबाईंना सगळे "माशीमा" म्हणत. म्हणजे मावशी. मराठी कानाला माशीच ऐकू येते, त्यामुळे पहिले दोन दिवस मी त्यांना काहीच न म्हणता नुसती हसत होते.

त्या रात्री खाली त्यांच्या नातवाला कोणीतरी झोपवत होतं. गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण "बोर्गी" हा शब्द कानावर पडला. सकाळी कचोरी आणि बटाट्याची पातळ भाजी वाढताना मी विचारलं, तर माशीमा आधी हसल्या, मग आमच्याकडे पाहून थांबल्या. "तुम्ही महाराष्ट्रातले ना? कुठले?"

"नागपूर," हे म्हणाले.

"मग तुम्हीच!"

ते अंगाईगीत बंगालमध्ये घरोघरी म्हणतात. बाळ झोपलं, आळी शांत झाली, देशात बोर्गी आले. धान्य तर पाखरांनी खाल्लं, आता सारा कुठून भरायचा, असा त्याचा अर्थ. बोर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावर स्वारी करणारे. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार. नागपूरच्या रघूजी भोसल्यांची फौज भास्करपंतांच्या हाताखाली 1742 मध्ये बंगालमध्ये शिरली आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं स्वाऱ्या चालू राहिल्या. 1744 मध्ये नवाब अलीवर्दीखानाने भास्करपंतांना बोलणीसाठी म्हणून बोलावलं आणि मारलं. शेवटी 1751 च्या तहात बंगालची चौथाई वर्षाला 12 लाख ठरली, शिवाय ओडिशावर हक्क मिळाला. आमच्या शाळेत हे सगळं दोन ओळींत संपायचं, आणि त्या दोन ओळी अभिमानाच्या असायच्या. जाळलेली गावं त्यात नव्हती. माशीमांनी काही कडू बोलून दाखवलं नाही, उलट आणखी दोन कचोऱ्या वाढल्या. मला मात्र कुठे बघावं ते कळेना.

ह्यांचं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं. मराठे येतील या भीतीने इंग्रजांनी आणि शहरातल्या लोकांनी कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल खणून काम थांबलं. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. "तो खंदक पाहायचा," हे म्हणाले. व्हिक्टोरिया मेमोरियल, संग्रहालय, दक्षिणेश्वर ही माझी यादी गेली खड्ड्यात. म्हणजे खंदकात.

तरी मी पहिले दोन दिवस माझे वसूल केले. कुमारटुलीत, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीत, आम्ही दोन तास होतो आणि मी चार तास थांबले असते. सरस्वतीपूजा तोंडावर आलेली. बोळ दोन माणसांचा आणि दोन्ही बाजूंना सरस्वती: नुसत्या पेंढ्याच्या, त्याच्या पुढे चिखल थापलेल्या, त्याच्या पुढे पांढऱ्या, डोळे नसलेल्या. हंसांची एक रांग वेगळीच वाळत ठेवलेली. एका कारागिराने मधेच काम थांबवून देवीच्या तयार हाताला आपला चष्मा अडकवला आणि चहा घ्यायला गेला. हातगाडीवरून एक मूर्ती निघाली, तिच्या तोंडावर वर्तमानपत्र बांधलेलं. गाडीवाला ओरडत होता, आम्ही भिंतीला चिकटलो, आणि माझ्या साडीवर जो चिखल लागला तो नागपुरात येऊनही गेला नाही.

हावड्याचा पूल मी पायी ओलांडला. 1943 चा, साडेसव्वीस हजार टन पोलादाचा, आणि नटबोल्ट एकही नाही, सगळं रिव्हेटवर. पण आम्ही दोघं जास्त वेळ थांबलो ते खांबांच्या पायथ्याशी. तिथे फायबरचं आवरण चढवलंय, कारण लोकांच्या पानाच्या थुंकीने पोलाद खाल्लं जात होतं. हे बराच वेळ गप्प होते. सहा वर्षांपूर्वीपर्यंत हे खर्रा खायचे, आणि आमच्या जिन्याचा कोपरा मी कितीदा रंगवून घेतला ते मलाच माहीत. परत येताना नदीखालच्या मेट्रोने आलो. नदीच्या खाली बोगद्यात निळे दिवे लागतात. ह्यांनी घड्याळ लावलं, पंचेचाळीस सेकंद भरले, आणि "एवढंच?" म्हणाले.

कॉफी हाऊसबद्दल लिहायला फारसं काही नाही. छत उंच, आवाज मोठा, कॉफी ठीक.

तिसरा दिवस खंदकाचा. बागबाजारात "मराठा डिच लेन" नावाची गल्ली आहे, खरंच आहे. ह्यांनी पाटीसमोर उभं राहून चार फोटो काढून घेतले. बाकी गल्ली म्हणजे दोन शिंपी, एक इस्त्रीवाला, ओट्यावर पेपर वाचणारे आजोबा. खड्डासुद्धा नाही. हे गल्लीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला वाकून उतार बघत गेले. "खंदक बुजवला तरी जमीन सांगते," म्हणाले. "पावसाळ्यात पाणी कुठे साचतं ते विचार." आजोबांना मी माझ्या हिंदीत विचारलं. त्यांनी पेपर खाली केला, हात गोल फिरवला. सगळीकडे.

मग त्यांनी विचारलं, कशाला हवं? हे म्हणाले, मराठ्यांचा खंदक शोधतोय. आजोबा उठले, आत गेले, आणि भांड्यातून नोलेन गुडाचे दोन संदेश घेऊन आले. खजुराच्या नव्या गुळाची ही मिठाई, हिवाळ्यातच मिळते. आम्ही खात असताना ते शांतपणे म्हणाले, खंदक इथे कुठून असणार, तो 1799 मध्येच बुजवला. वर सर्क्युलर रोड केला. आता त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र रोड म्हणतात, पुढे सियालदहनंतर जगदीशचंद्र बोस रोड.

हे चावायचे थांबले.

श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या नाक्यावर घोड्यावरचे नेताजी आहेत ना, तिथून सियालदहला जायची आमची रोजची बस त्याच रस्त्याने होती. तीन दिवस आम्ही सकाळी त्या खंदकातून गेलो होतो आणि त्याच खंदकात गर्दीत अडकून एकमेकांवर चिडलोही होतो. शहरातली भांडणं म्हणाल तर दोन झाली, दोन्ही तिथलीच.

दुपारी आम्ही मुद्दाम पुन्हा ती बस पकडली, काही काम नसताना. हे खिडकीशी, तोंड बाहेर. शेजारच्या दांडीला लोंबकळणाऱ्या मुलाला त्यांनी हिंदीत सांगून टाकलं, हा रस्ता आमच्या भीतीने झालेला आहे. त्या मुलाने कानातली तार काढली, "काय?" म्हणाला, आणि पुन्हा घातली. पुढे टॅक्सी, मागे हातरिक्षा, बाजूला बांबूने भरलेला टेम्पो. दहा मिनिटं कोणी हललं नाही. मी उठून दाराकडे सरकू लागले तसा कंडक्टरने बसच्या पत्र्यावर थाड थाड हात मारला आणि ड्रायव्हरला ओरडला, "आस्ते लेडीज!"

बस तर उभीच होती.